पेडल बोटीला हवेचा पंखा लावायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विचारणारे तीन प्रकारचे असतात. कर्जत-बदलापूरकडे फार्महाऊसवर तळं असलेले, सोसायटीच्या शोभेच्या तलावात दोन हंस-बोटी पडून असलेले, आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट शोधणारे. प्रश्न मात्र सगळ्यांचे तेच. पुढची उत्तरं दोन ते चार माणसांच्या, फायबरच्या किंवा प्लॅस्टिकच्या पेडल बोटीसाठी आहेत. आकडे हिशेबातून काढलेले आहेत, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं इकडेतिकडे होणार हे धरून चाला.

पंखा लावला तर बोट खरंच चालते का?

चालते. शांत पाण्यात, वारा पडलेला असताना, माणूस जरा भरभर चालतो त्या वेगाने चालते. व्हिडिओत सुसाट जाणाऱ्या बोटी दिसतात त्या सपाट बुडाच्या, हलक्या आणि मोठं इंजिन लावलेल्या असतात. आपली पेडल बोट बसकी आणि जड असते, तिच्याकडून ती अपेक्षा ठेवू नका.

तीच मोटर पाण्यात पंखा फिरवायला लावली तर जास्त जोर मिळतो म्हणतात. किती जास्त?

बराच. सगळ्या प्रश्नांचं मूळ इथेच असल्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

पंखा काहीतरी मागे फेकतो, म्हणून बोट पुढे जाते. फेकायला वजन लागतं. एक घनमीटर पाणी १००० किलो भरतं, एक घनमीटर हवा जेमतेम १.२ किलो. हवा हलकी असल्यामुळे तेवढाच रेटा मिळवायला ती फार वेगाने फेकावी लागते, आणि वेग वाढवण्यात ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात जाते. त्याच व्यासाचा पंखा, तेवढीच शक्ती, एकदा हवेत आणि एकदा पाण्यात, असा आदर्श हिशेब केला तर पाण्यात रेटा सुमारे साडेनऊ पट येतो. पाण्यातला पंखा प्रत्यक्षात बराच लहान असतो, म्हणून फरक तेवढा राहत नाही, पण उरतो तोही भरपूर.

उदाहरण घ्या. अर्ध्या मीटर व्यासाचा चांगला पंखा आणि शाफ्टवर, म्हणजे मोटरच्या फिरत्या दांड्यावर, ५०० वॅट. जागेवर उभ्या बोटीला रेटा मिळतो साधारण साडेतीन किलोचा. त्यासाठी पंख्यामागची हवा ताशी ६० किलोमीटरच्या आसपास वेगाने फेकली जाते, आणि बोट जाते ताशी चार! बाकीची वीज हवा घुसळण्यात गेली. आता मासे पकडणाऱ्यांच्या छोट्या बोटींना लावतात ती १२ व्होल्टची ट्रोलिंग मोटर बघा. तिच्या लहानातल्या लहान प्रकारांपैकी एक ३० पौंडांचा असतो, म्हणजे साडेतेरा किलो रेटा. ती बॅटरीतून घेते सुमारे ३० अँपिअर, म्हणजे ३६० वॅट.

म्हणून तळं स्वच्छ आणि मांडीभर खोल असेल तर माझं पहिलं उत्तर कायम हेच: ट्रोलिंग मोटर घ्या, आवाज नाही, पाण्याच्या वर उघडी पाती नाहीत, आणि पुढचं वाचायचीही गरज नाही.

मग हवेच्या पंख्याच्या बोटी जगात बनवतात तरी कशाला?

जिथे पाण्यात पंखा घालताच येत नाही तिथल्यासाठी. फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समध्ये वीतभर पाणी आणि पुरुषभर गवत, तिथे या बोटी रोजच्या वापरात आहेत. कल्पना जुनी आहे. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या चमूने कॅनडात नोव्हा स्कोशियाला १९०५ मध्ये अशी बोट करून पाहिली होती.

आपल्याकडे या जागेला जुळणारी गोष्ट म्हणजे जलपर्णी. पवईच्या तलावाकाठी उभं राहिलात तर काही महिने पाणी कमी आणि हिरवं जास्त दिसतं. जलपर्णीत पाण्यातला पंखा दोन मिनिटांत मुळं गुंडाळून बसतो. पेडल बोटीच्या चाकाचंही तेच होतं, मुळं वल्ह्यांमध्ये अडकून पेडल दगडासारखं घट्ट होतं. तळ्यात जलपर्णी, शेवाळ किंवा कमळाचे वेल असतील, किंवा उन्हाळ्यात पाणी गुडघ्याखाली जात असेल, तर हवेचा पंखा लावण्यात अर्थ आहे. तरीही दाट जलपर्णीत साडेतीन किलोचा रेटा पुरणार नाही. कडेकडेच्या तुरळक झाडोऱ्यातून जाण्यापुरता पुरेल.

किती वॅटची मोटर लागेल?

पेडल मारणारा धडधाकट माणूस सलग ७५ ते १०० वॅट देतो. त्यातला निम्म्याहून जास्त भाग पॅडलचाकाच्या छपछपाटात जातो. तेवढ्यावर बोट चालते, म्हणजे बोटीची गरज थोडीच असते. दोन माणसांच्या बोटीला शाफ्टवर ५०० वॅटपासून सुरुवात करा, चौघांच्या बोटीला ८०० ते १०००.

त्यापुढे वॅट वाढवण्याची हाव धरू नका. वेग दुप्पट करायचा तर पाण्याचा विरोध चौपट होतो. चौपट रेट्याला त्याच पंख्याला आठपट शक्ती लागते. ५०० चे ४००० वॅट झाले. शिवाय अडीच मीटर लांबीचं बूड ताशी सात किलोमीटरच्या पुढे गेलं की स्वतःच्याच लाटेवर चढू पाहतं, आणि तिथे कितीही वॅट ओता, नाक वर आणि शेपूट खाली एवढंच होतं.

व्यास वाढवणं मात्र फायद्याचं. तेवढ्याच शक्तीत व्यास दुप्पट केला तर रेटा दीडपटीहून थोडा जास्त मिळतो, आणि पंखा हळू फिरवता येत असल्यामुळे आवाजही कमी. जाळी मोठी करावी लागते, हीच काय ती अडचण.

वाऱ्याचं काय?

मुंबईत हा प्रश्न मोटरच्या आधी विचारायला हवा. सकाळी हवा पडलेली असते. दुपार व्हायला आली की खारे वारे सुरू होतात, मार्च ते मे तर रोजच्या रोज. ताशी २० किलोमीटरचा वारा म्हणजे वादळ नव्हे, मरीन ड्राइव्हवर संध्याकाळी केस उडतात तेवढाच. पण दोन माणसं बसलेल्या बोटीचा वाऱ्याला आडवा येणारा भाग दीड चौरस मीटर धरला, तर तो वारा बोटीला जवळजवळ तीन किलोने मागे ढकलतो. तुमच्या पंख्याचा रेटा साडेतीन. उरलं काय?

वर ताडपत्रीचं छप्पर असेल तर ते काढून टाका. हंसाची मान हा दुसरा शत्रू. ती बोटीच्या अगदी पुढे, माणसाच्या डोक्याइतकी उंच असते, आणि आडव्या वाऱ्यात पुढचं टोक फिरवून टाकते. सुकाणू मागे आणि शीड पुढे, अशी उलटी रचना होऊन बसते. काही बोटींत मान चार बोल्टवर बसवलेली असते, ती उतरवता येते. मुलांना ते आवडत नाही, हे खरं.

नियम सोपा ठेवा: जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, परत येताना वारा पाठीशी. उलटं केलंत तर परतताना बॅटरी संपलेली आणि वारा समोर.

घरचा सीलिंग फॅन, टेबल फॅन किंवा गाडीचा रेडिएटर फॅन चालेल का?

सीलिंग फॅनवर लोक हसतात, पण हिशेब गमतीशीर आहे. १२०० मिलिमीटरचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा पंखा तीसेक वॅटमध्ये किलोभर रेटा देतो, कारण व्यास मोठा आणि वेग कमी. वॅटमागे रेटा पाहिलात तर तो तुमच्या हजारो रुपयांच्या ड्रोन मोटरला हरवतो. पण त्याची रचना उभ्या दांड्याला टांगण्यासाठी असते. आडवा केला की बेअरिंगवर भलताच भार येतो, समोरच्या वाऱ्यात पाती फडफडतात, आणि चार फुटांची जाळी बोटीवर बसवणार कुठे? शिवाय इन्व्हर्टर लावून २३० व्होल्ट ओल्या बोटीत आणणं हा जिवाशी खेळ आहे. ते कोणत्याही कारणासाठी करू नका.

रेडिएटर फॅन १२ व्होल्टचा असतो, जुन्या बाजारात स्वस्त मिळतो, रेटा मात्र फारच कमी. प्रोजेक्टच्या मॉडेलला ठीक.

गवत कापायच्या ब्रश कटरचं इंजिन लावलं तर?

ताकद आहे. ५२ सीसीच्या इंजिनाला दीड-दोन अश्वशक्ती सांगतात, म्हणजे हजार वॅटच्या वर. पण टू-स्ट्रोकचा धूर, तेलमिश्रित पेट्रोल, कानठळ्या, आणि गरम सायलेन्सर माणसांच्या पाठीमागे. पाण्यात तेलाचा तवंग दिसला की तळ्याचा मालक दुसऱ्या दिवशी बोट बाहेर काढायला सांगेल, आणि ते बरोबरच आहे. मला स्वतःला हा पर्याय पटत नाही.

मोटर, कंट्रोलर आणि बॅटरी कोणती?

मोठ्या ड्रोनला किंवा मॉडेल विमानाला लावतात तसली ब्रशलेस मोटर, कमी केव्हीची. केव्ही म्हणजे एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे. मोठा पंखा फिरवायचा तर आकडा लहान हवा. नाहीतर मोटर तापते, आणि बोटीवर ड्रोनसारखी जोराची हवा तिच्यावरून जातेच असं नाही. कंट्रोलर, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र, गरजेच्या दीडपट अँपिअरचा घ्या.

बॅटरी लिथियम फेरो फॉस्फेटची. ड्रोनची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी हलकी असते, पण फुगली किंवा टोचली की पेट घेते, आणि पाण्याच्या मधोमध आग लागली तर उडी मारण्याशिवाय मार्ग नाही. २५.६ व्होल्ट, २० अँपिअर-अवरचा पॅक ५१२ वॅट-अवरचा होतो. त्यातला ८० टक्केच वापरायचा. शाफ्टवर ५०० वॅट हवे असतील तर बॅटरीतून सहाशेच्या आसपास जातात. म्हणजे पूर्ण जोरावर ४० मिनिटं. अर्ध्या जोरावर बरंच जास्त.

फ्यूज बॅटरीच्या तोंडाशीच लावा, वीतभर अंतराच्या आत. बॅटरीचा डबा झाकणाला रबरी गॅस्केट असलेला हवा, आणि बोटीच्या बुडाला न टेकवता दोन पट्ट्यांवर उचलून बांधा. बुडात पाणी साचतंच.

पंखा किती उंच बसवायचा? बोट उलटणार नाही ना?

पाती माणसांच्या पाठीमागे, जाळी पाण्याच्या वर, एवढीच उंची ठेवा. मध्यबिंदू पाण्यापासून मीटरभर येतो.

रेट्याने बोट उलटत नाही. साडेतीन किलो एक मीटर उंचीवरून ढकलतायत, म्हणजे साठ किलोचा माणूस सहा सेंटिमीटर सरकला तर जेवढा झोक येतो तेवढाच. बोट उलटवतात ती माणसं, पंखा कसा फिरतोय ते बघायला एकाच बाजूला उभी राहणारी. शिवाय मोटर, सांगाडा आणि जाळी मिळून आठ-दहा किलो वजन उंचावर जातं. तेवढं वजन, म्हणजे बॅटरी, खाली आणि मध्यभागी ठेवा. बसण्याची क्षमता एका माणसाने कमी झाली असं समजा. सगळ्यांनी लाइफ जॅकेट घालायचं, पोहता येणाऱ्यांनीसुद्धा.

फायबरच्या बोटीला भोकं पाडून सांगाडा बसवला तर चिरत नाही का?

नुसता स्क्रू पिळलात तर चिरणारच. फायबरची जाडी काही मिलिमीटरच असते आणि पंख्याची थरथर थांबत नाही. आतल्या बाजूने १२ मिलिमीटर मरीन प्लायचा तुकडा द्या, त्याला रेझिन पाजा, आरपार बोल्ट घाला, दोन्हीकडे मोठे वॉशर आणि नायलॉक (थरथरीने सैल न होणारे) नट. मोटर आणि सांगाड्यामध्ये रबराचे बुश. पहिल्या फेरीनंतर सगळे नट परत तपासा.

रोटोमोल्ड केलेल्या प्लॅस्टिकच्या बोटीला चिकटवण्याचा नाद सोडा. पॉलिथिनला एपॉक्सी धरत नाही, आठवड्यात पापुद्रा सुटतो. तिथे सीटच्या मागून आणि बुडाच्या कडेवरून घेरणारी अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी पाइपची चौकटच करून घ्यावी लागते.

जाळी हवीच का? रेटा कमी होतो म्हणतात.

होतो थोडा. होऊ द्या.

अर्धा मीटरचा पंखा मिनिटाला ६००० फेरे घेतो तेव्हा पात्याचं टोक ताशी साडेपाचशे किलोमीटरच्या वर धावत असतं. प्लॅस्टिकचं असो की लाकडाचं, हाताचं बोट लागलं तर ते जातं. आणि लोक एक गोष्ट विसरतात: माणसं बसतात ती पंख्याच्या ओढणाऱ्या बाजूला. ओढणी, मोकळे केस, जॅकेटचे लोंबते पट्टे, वेफर्सची रिकामी पिशवी, सगळं आपणहून पंख्याकडे जातं. म्हणून पुढची जाळी मागच्यापेक्षा महत्त्वाची. पेडेस्टल फॅनची जाळी वापरू नका, कोणी टेकलं की ती वाकून पात्याला लागते. अर्ध्या इंचाची वेल्डमेश, भोवती सळईचं कडं, आणि पात्यापासून किमान चार इंच अंतर. कुणीतरी पूर्ण वजनाने रेलेल असं धरूनच वेल्डरला सांगा. पातं तुटलं तर ते कडेने बाहेर उडतं, त्यामुळे पाती फिरतात त्या रेषेत, पंख्याच्या डाव्या-उजव्या बाजूला, काठावर कोणी उभं राहू द्यायचं नाही.

चालवणाऱ्याच्या मनगटाला दोरी, दोरीला स्विच. माणूस पडला की वीज बंद. यात तडजोड नाही.

पंखा चालू असताना पेडल आपोआप का फिरतात?

कारण बहुतेक बोटींत पेडलचा दांडा थेट पॅडलचाकाला जोडलेला असतो. बोट पुढे गेली की पाणी चाक फिरवतं आणि चाक पेडल. पाय मधे असेल तर नडगीला बसतं. शिवाय बराच रेटा चाक फिरवण्यात फुकट जातो. चाक वर उचलून बांधता आलं तर उत्तम. पण कायमचं काढू नका. बॅटरी संपल्यावर घरी तेच आणणार आहे.

वळवायची कशी, थांबवायची कशी?

मूळचं सुकाणू तसंच ठेवा. ते पाण्यात असल्यामुळे पंखा बंद केल्यावरही बोट वळते. खऱ्या एअरबोटींची सुकाणं पंख्यामागे हवेत असतात, त्यामुळे जोर काढला की वळणंही संपतं. ब्रेक नसतोच. पेडल उलटे मारणं हाच तुमचा ब्रेक, म्हणून काठ जवळ आला की पंखा आधीच बंद करा.

किती रेटा मिळतोय हे घरच्या घरी कसं मोजायचं?

बॅगेचं वजन करायचा लटकता डिजिटल काटा घ्या. दोरीचं एक टोक काठावरच्या झाडाला, मधे काटा, दुसरं टोक बोटीला. दोरी निदान दहा-बारा फुटांची, नाहीतर पंख्याची हवा काठावर आपटून आकडा फसवतो. सकाळी वारा नसताना मोजा. पूर्ण जोरावर तीन किलोच्या खाली असेल तर पंखा उलटा बसलाय का ते आधी बघा. फुगीर बाजू पुढे हवी. मोटर बरोबर फिरत असूनही पातं पालथं बसलेलं असतं, हे फार वेळा दिसतं.

मुंबईत कुठे चालवता येईल? परवानगी लागते का?

मोटर लागली की ती बोट कायद्याच्या नजरेत यांत्रिक होते. नद्या, तलाव, खाड्या यांतल्या यांत्रिक बोटींसाठी २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे, त्यात तपासणी आणि नोंदणी येते. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडे चौकशी करून सुरू करा.

शहरातले तलाव जवळजवळ विसराच. विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) यांचं पाणी पिण्यासाठी जातं. पवईत (१८९१) मगरी आहेत. ही अफवा नाही, उन्हात काठावर पहुडलेल्या दिसतात. ठाण्याच्या तलावपाळीला बोटी चालतात, पण त्या पालिकेच्या परवानगीने. तिथे आपली आणून सोडता येत नाही. उरलं खासगी तळं किंवा शेततळं. शेततळ्याला प्लॅस्टिकचं अस्तर असेल तर एक लक्षात ठेवा: त्या गुळगुळीत उतारावरून पडलेला माणूस वर चढू शकत नाही. गाठी मारलेली दोरी आणि हवेची ट्यूब आधी काठावर बांधा, मग बोट सोडा.

वर्सोव्याच्या किंवा माहीमच्या खाडीत न्यायची आहे.

नेऊ नका. मोठ्या भरतीला मुंबईत पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, आणि ते सगळं पाणी खाडीच्या तोंडातून सहा तासांत आत येतं आणि सहा तासांत बाहेर जातं. ओहोटीच्या ओढीपुढे चालण्याच्या वेगाची बोट म्हणजे वाहून जाणारी बोट. कोळीवाड्यात कुणालाही विचारा, उत्तर याहून कमी शब्दांत मिळेल. ठाण्याच्या खाडीत तर २०१५ पासून रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य आहे.

चाचणी म्हणून बंदरात न्यायचा विचारही नको. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून एलिफंटाकडे निघालेल्या नीलकमल बोटीवर इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची स्पीडबोट आदळली आणि दहाहून अधिक माणसं गेली. तिथे प्रशिक्षित माणसं आणि खरी इंजिनं होती.

विसर्जनाला वापरता येईल का?

नाही. गर्दी, हार, दोऱ्या, अंधार आणि फिरती पाती.

सामान मुंबईत कुठे मिळेल?

कंट्रोलर, वायर, कनेक्टर लॅमिंग्टन रोडला. नट-बोल्ट, बेअरिंग, पाइप नागदेवी स्ट्रीटला. बोल्ट घेताना एसएस (स्टेनलेस स्टील) ३१६ मागा, ३०४ ला खाऱ्या हवेत डाग पडतात. दुकानदार दोन्ही सारखेच म्हणेल, तेव्हा बिलावर लिहून घ्या. दोर आणि फ्लोट भाऊच्या धक्क्याच्या आसपास. पंखा मात्र नवाच घ्या, टोकाला टवका गेलेलं पातं अर्ध्या किमतीतही नको. जाळीसाठी तुमच्या भागातला ग्रिलवाला पुरे, फक्त चित्र काढून मापं लिहून द्या.

पावसाळ्यात काय करायचं?

जून लागायच्या आत मोटर, कंट्रोलर, बॅटरी उतरवून घरी आणा. बॅटरी निम्मी भरलेली ठेवा. मोटर ओल्या फडक्याने पुसून, वाळवून, बेअरिंगला हलकं तेल देऊन डब्यात. सांगाडा बोटीवर राहिला तरी चालेल, पण बोट पाण्याबाहेर काढून पालथी घाला, नाहीतर ऑगस्टमध्ये तुम्हाला तळ्यात बोट सापडणार नाही, बोटीत तळं सापडेल.